फोटो काढताना माणसाच्या मागे लावायचा स्प्रिंगच्या चौकटीचा पडदा उघडतो पटकन, पण परत पिशवीत जाईल अशी घडी कशी घालायची?

दाबून दुमडू नका, पीळ द्या. तीच खरी युक्ती आहे. पडदा उभा धरा आणि खालच्या कडेच्या मधोमध पाय ठेवा. वरची कड मधोमध पकडून मनगट अर्धा फेरा फिरवा आणि ती कड पायाकडे खाली आणा. दोन्ही बाजू आपोआप एकमेकींवर येतात आणि तीन वेटोळी तयार होतात. लगेच घट्ट धरून पट्टा लावा.

कडेत स्टीलच्या पट्टीचं एक अखंड कडं असतं. पिळलं की ते तीन फेऱ्यांत बसतं, म्हणून ५ बाय ७ फुटांचा पडदा साधारण सव्वादोन फुटांच्या चकतीत मावतो. मी कामासाठी हे नेहमी करते. पहिले चार-पाच प्रयत्न फसले तरी धीर सोडू नका आणि जोरही लावू नका, कारण जोर लावून दुमडलं तर पट्टीला कायमचा बाक येतो. मग पडदा कधीच सपाट उभा राहत नाही.

उघडताना चेहऱ्यापासून लांब धरा, जवळ लहान मूल असेल तर आधी बाजूला करा. पट्टी जोरात उसळते.

सुरकुत्यांसाठी मागच्या बाजूने वाफ द्या. शिवाय माणसाला पडद्यापासून ५-६ फूट पुढे उभं केलं, की सुरकुत्या धूसर होतात आणि सावलीही पडद्यावर ठळक येत नाही.

हे सगळं फक्त स्प्रिंगच्या चौकटीला लागू आहे. नळ्या जोडून उभ्या करायच्या चौकटीला पीळ देऊ नका. तिचं कापड काढून गुंडाळायचं असतं.