मूव्हऑनमधली नोकरी आणि विद्यार्थी व्हिसा

प्रश्न : मुलगी अमेरिकेत एफ-१ व्हिसावर डेटा सायन्समध्ये एमएस करतेय. आता म्हणते, टेक कंपनी नको, मूव्हऑनसारख्या पुरोगामी संस्थेत काम करायचंय. कर्ज काढून शिकवलं ते याचिकांवर सह्या गोळा करायला का? तिची समजूत कशी घालावी?
– एक पालक

उत्तर : समजूत घालण्याची घाई नको. सह्या हा त्या कामाचा फक्त दर्शनी भाग आहे.

मूव्हऑन १९९८ साली सुरू केली ती जोन ब्लेड्स आणि वेस बॉइड या कॅलिफोर्नियातल्या जोडप्याने. दोघं सॉफ्टवेअर व्यवसायातले. पंख लावून उडणाऱ्या टोस्टरांचा तो स्क्रीनसेव्हर त्यांच्याच कंपनीचा! महाभियोगात न अडकता राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्यावर ठपका ठेवा आणि देशापुढच्या प्रश्नांकडे वळा, एवढीच त्यांची ऑनलाइन याचिका होती. पुढे संस्थेची सूत्रं हाती घेतलेला एली पॅरिसर ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर स्वतःची शांतता-याचिका चालवणारा विशीतला पोरगा. २०१९ मध्ये धुरा घेणाऱ्या रहना एप्टिंग यांनी आधी कामगार संघटनेत काम केलं होतं. म्हणजे इथे वर चढायला ठरलेली शिडी नाही. हे मला आवडतं. तुम्हाला धास्ती वाटणं मात्र मी समजू शकतो.

रोजचं काम तुमच्या मुलीच्या विषयातलंच आहे. एकाच आवाहनाच्या ईमेलसाठी तीन विषयओळी लिहायच्या, यादीतल्या थोड्या लोकांना पाठवायच्या, कोणती जास्त उघडली गेली, कुठून देणगी आली ते पाहायचं आणि जिंकलेली ओळ बाकीच्या सगळ्यांना धाडायची. कोण फक्त सही करतो आणि कोण फोन करायला तयार होतो, हेही डेटावरूनच ठरतं. पगार टेक कंपनीपेक्षा कमी असणार. कर्जाचा हप्ता समोर ठेवून हा हिशेब तिने स्वतः मांडावा.

खरी अडचण कायद्याची आहे आणि ती बहुतेकांना ऐनवेळी कळते. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी व्यक्तीला अमेरिकी निवडणुकीत देणगी देता येत नाही, आणि निवडणूक खर्चाच्या निर्णयात भागही घेता येत नाही. मूव्हऑनचे दोन विभाग आहेत : एक धोरणांच्या प्रश्नांवरचा, दुसरा निवडणुकीचा. त्यामुळे नेमकं कोणत्या विभागात आणि कोणतं काम, हे मुलाखतीतच विचारायला हवं.

दुसरं व्हिसाचं. ना-नफा संस्था म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक कोट्यातून सूट, असा सर्रास समज आहे. ती सूट विद्यापीठं, त्यांच्याशी संलग्न संस्था आणि संशोधन संस्थांना मिळते. प्रचारसंस्थेतून अर्ज केला तर त्या कोट्यासाठीची लॉटरी चुकत नाही. पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करायच्या परवानगीचे, १२ महिने आणि विषय स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तर आणखी २४ मिळतात. पण त्या वाढीव मुदतीसाठी संस्था ई-व्हेरिफाय या, कर्मचाऱ्याला काम करायची परवानगी आहे का ते तपासणाऱ्या, सरकारी यंत्रणेत नोंदलेली लागते. हेही आधीच विचारावं.

माझं मत विचाराल तर तिने ओपीटीत ही नोकरी जरूर करून पाहावी. जोडीला मतदार-वर्तनावर काम करणाऱ्या विद्यापीठीय संशोधन केंद्रांत अर्ज टाकून ठेवावेत. विषय तोच आणि तिथे लॉटरीची टांगती तलवार नाही. स्वीकारण्याआधी कामाचं लेखी स्वरूप घेऊन विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात दाखवावं. ओपीटीचा अर्ज मात्र पदवी हातात पडायची वाट न पाहता मुदतीत करायला सांगा.