२०४८ च्या टिपणाविषयी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. अंटार्क्टिकाविषयीच्या पंचवीस वर्षांच्या धोरणाचा तुझा मसुदा मिळाला. दोनदा वाचला, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. भाषा स्वच्छ आहे. पण पहिल्याच पानावर ‘२०४८ मध्ये करार संपतो’ असं लिहिलंयस आणि पुढचा सगळा डोलारा त्या वाक्यावर उभा केलायस. ते वाक्य चुकीचं आहे. सगळीकडे तसंच छापून येतं, म्हणून तुला फार बोल लावत नाही. पण सुरुवात तिथूनच करू.

२०४८ मध्ये काहीही संपत नाही. १९५९ च्या अंटार्क्टिक कराराला मुदतच नाही. खाणकामावर बंदी घालणारा माद्रिद प्रोटोकॉल १९९१ मध्ये झाला, १४ जानेवारी १९९८ ला लागू झाला, आणि त्यालाही मुदत नाही. लागू झाल्यापासून पन्नास वर्षं उलटली की कुणाही सल्लागार सदस्याला, म्हणजे कराराच्या बैठकीत निर्णयाचा अधिकार असलेल्या देशाला, फेरविचाराची परिषद मागता येते, एवढंच. आता त्याचं कलम २५ काढ आणि जमिनीचं खरेदीखत वाचतात तसं शब्द न् शब्द वाच. त्या परिषदेत दुरुस्ती मंजूर व्हायला बहुमत लागेल, आणि त्या बहुमतात १९९१ साली जे सल्लागार सदस्य होते त्यांच्यापैकी तीन चतुर्थांश असावे लागतील. मंजूर झालेली दुरुस्ती लागू व्हायला मात्र त्या जुन्या यादीतल्या एकूणएक देशाची संमती लागेल. यादीत सव्वीस देश आहेत. त्यात आपण आहोत.

पळवाट आहे. मंजूर दुरुस्ती तीन वर्षांत लागू झाली नाही तर नाराज देश प्रोटोकॉलमधून बाहेर पडू शकतो. तीही टिपणात यायला हवी. पण मुख्य गोष्ट ही, की तू ज्याला ‘आगामी आव्हान’ म्हणतोस तिथे आपल्या हातात जवळजवळ नकाराधिकार आहे आणि तुझ्या मसुद्यात त्याचा उल्लेखसुद्धा नाही.

तो हातात आला कसा, हे तू ‘पार्श्वभूमी’त चार ओळींत उरकलंयस. माझ्या मते धोरण तिथेच आहे.

१९५६ मध्ये आपण अंटार्क्टिकाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे नेऊ पाहिला. हा खंड शांततेच्या कामासाठीच राहावा, अशी आपली मागणी. तिथे अणुचाचण्या झाल्या तर आपल्या मोसमी पावसाचं काय होईल, ही धास्तीही त्यामागे होती. चिली आणि अर्जेंटिना यांचे तिथे मालकीचे दावे, ते खवळले. विषय मागे घेतला. १९५८ ला पुन्हा मांडला, पुन्हा मागे घेतला. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये बारा देशांनी करार केला. लष्करी वापर नको, अणुस्फोट नको. आपण म्हणत होतो त्यातलं बरंचसं त्यात उतरलं. पण ते उतरवताना आपण त्या खोलीत नव्हतो. ज्यांचं तिथे काम चालू होतं त्यांनाच बोलावणं होतं, आणि आपला तिथे साधा तंबूही नव्हता.

कराराच्या कलम ९ नेही तेच पक्कं केलं. नंतर येणाऱ्याला बैठकीत निर्णयाचा अधिकार हवा असेल तर त्याने तिथे भरीव संशोधन करून दाखवायचं. म्हणजे तळ उभारायचा किंवा मोहीम पाठवायची.

मोहीम पाठवायला आपल्याला १९८१ उजाडलं. जुलैत महासागर विकास विभाग स्थापन झाला आणि ६ डिसेंबरला डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली एकवीस जण मुरगाव बंदरातून निघाले. जहाज ‘पोलर सर्कल’, नॉर्वेचं, भाड्याने घेतलेलं. फारसा गाजावाजा नाही. ९ जानेवारी १९८२ ला ते बर्फावर उतरले. १९ ऑगस्ट १९८३ ला आपण करारात शिरलो आणि १२ सप्टेंबरला सल्लागार सदस्य झालो. तारखा बघ: चोवीस दिवस. आपलं पहिलं ठाणं ‘दक्षिण गंगोत्री’ तेव्हा उभंही राहिलं नव्हतं. ते त्यानंतरच्या मोहिमेत झालं. दोन उन्हाळ्यांच्या मोहिमांवर आपण आत गेलो, आणि आत होतो म्हणून १९९१ च्या यादीत आलो.

आज इतक्या स्वस्तात कुणी आत घेणार नाही. २०२४ मध्ये कोचीला झालेल्या कराराच्या बैठकीत, आपल्याच यजमानपदाखाली, कॅनडा आणि बेलारूस यांनी हाच दर्जा मागितला. एकमत झालं नाही, दोघेही दाराबाहेर राहिले.

इथे एक बोचणारी गोष्ट आहे, ती गाळू नकोस. १९८३ मध्ये मलेशियाने हा प्रश्न पुन्हा संयुक्त राष्ट्रांत नेला. मुद्दे थेट आपल्या १९५६ च्या मुद्द्यांच्या कुळातले. आणि आपण तोवर आत बसलेलो, करारवाल्यांच्या बाजूने! वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिका त्याच टेबलावर. मला हे कधी पूर्ण पटलं नाही, पण मी तेव्हा त्या जागी असतो तरी वेगळं काही केलं असतं असंही वाटत नाही.

आता तुझ्या खनिजांच्या प्रकरणाकडे येतो. ते मी अख्खं काढलं असतं. १९८८ मध्ये कुणी असं पंचवीस वर्षांचं टिपण लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं? खाणी येणार, असंच. सहा वर्षांच्या वाटाघाटींनंतर वेलिंग्टनमध्ये खनिजांचा करार तयारच झाला होता. वर्षभरात ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्सने सही करायला नकार दिला, करार बारगळला आणि १९९१ ला संपूर्ण बंदी आली. भाकीत तीन वर्षंही टिकलं नाही. पण ज्यांची माणसं बर्फावर होती, त्यांना दोन्ही वेळी टेबलावर जागा होती. म्हणून २०५० साली काय घडेल यावर पानं खर्च करू नकोस. दरवर्षी जहाज कसं निघेल, ते लिही.

जहाजाबद्दल तुझ्याकडे एकही परिच्छेद नाही. अजूनही आपण भाड्याच्या जहाजांवर जातो. तिथल्या आपल्या तळांपैकी ‘मैत्री’ १९८९ चं आहे, थकलंय. ‘भारती’ २०१२ चं, मालवाहू कंटेनर जोडून बांधलेलं, आणि दोन्ही तळांमध्ये सुमारे तीन हजार किलोमीटरचं अंतर. कायद्याचंही तसंच. प्रोटोकॉल १९९८ ला लागू झाला आणि आपला अंटार्क्टिक कायदा संसदेत झाला २०२२ मध्ये. चोवीस वर्षं! हा उशीर साध्या शब्दांत मांड. ‘प्रक्रियात्मक विलंब’ वगैरे लिहून पांघरूण घालू नकोस.

आणि माणसं. मी पहिल्यांदा कराराच्या सल्लागार बैठकीला गेलो तेव्हा समोरच्या मसुद्यात एक बारीकसा शब्द चौकटी कंसात होता, म्हणजे त्यावर अजून एकमत नाही. मला तो निरुपद्रवी वाटला. कंस काढायला हरकत नाही, असं म्हणणारच होतो. शेजारी एका छोट्या देशाचे पिकल्या केसांचे प्रतिनिधी होते. त्यांनी माझ्या कागदावर पेन्सिलीने दोन वर्षं लिहिली आणि हळूच म्हणाले, या दोन बैठकांत तुमच्याच देशाने तो कंस घालायला लावला होता. मी परत येऊन फाइल शोधली. शेरा होता. माझ्याआधी चार जण त्या खुर्चीवर बसून बदलून गेले होते आणि एकानेही तो पुढच्याला सांगितला नव्हता. त्या गृहस्थांनी मात्र बावीस वर्षं एकही बैठक चुकवली नव्हती. सगळे निर्णय एकमताने होतात अशा ठिकाणी असा माणूस तुझ्या दहा पानी उद्दिष्टांपेक्षा जास्त उपयोगाचा.

तेव्हा मसुद्याला एक परिशिष्ट जोड. १९८३ पासून प्रत्येक सल्लागार बैठकीत आपण काय मांडलं, कशाला अडवलं, कशावर गप्प राहिलो. ऑस्ट्रेलियातल्या होबार्टच्या अंटार्क्टिक सागरी जीवसंपदा आयोगाचंही तसंच, कारण पुढची खरी भांडणं क्रिलची (कोळंबीसारख्या छोट्या जिवांची) मासेमारी आणि संरक्षित सागरी क्षेत्रं यांवरून होणार आहेत, किंबहुना चालू आहेत. गोव्याच्या ध्रुवीय केंद्रातल्या लोकांना फोन कर. मंत्रालयात न सापडणारे कागद त्यांच्याकडे निघतात. काम कंटाळवाणं आहे, तीन-चार महिने जातील. वरचे घाई करतील. त्यांना हवं तर पहिली पाच पानं देऊन ठेव, पण २०४८ चं ते वाक्य दुरुस्त करूनच.

परिशिष्ट जमेल तसं, तुकड्या-तुकड्याने पाठवलंस तरी चालेल. १९८३ ते १९९१ एवढा भाग आधी पाठव.

तुझा,
जुना सहकारी