ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद. तुझा मेसेज वाचला. एका क्रेडिट कार्डाचं बिल दुसऱ्यावरून पैसे काढून भरायचं, दुसऱ्याचं तिसऱ्यावरून. ‘पण एकही तारीख चुकवली नाही,’ असं तू लिहिलंस आणि मला त्याचीच काळजी वाटली. तारीख चुकत नाही म्हणून बँकेचा फोन येत नाही, घरी पत्ता लागत नाही, आणि कर्ज दर फेरीला फुगत जातं.

हिशेब बघ. कार्डावर 50,000 रुपये रोख काढलेस की बऱ्याच बँका अडीच टक्के शुल्क लावतात. ते 1,250, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 225. हातात पैसे येताच 1,475 गेले. खरेदीला असते तशी बिनव्याजी मुदत रोख रकमेला नाही. व्याज त्याच दिवसापासून. दुकानदाराला टक्केवारी देऊन नुसतं कार्ड घासायचं आणि रोख घ्यायची, हे तर बँकेच्या नियमातच बसत नाही. कार्ड ब्लॉक होऊ शकतं.

‘मिनिमम ड्यू’चंही, म्हणजे बिलातली भरावीच लागणारी किमान रक्कम तेवढी भरण्याचंही, तसंच. थकबाकी एक लाख आणि व्याज महिना साडेतीन टक्के धर. व्याज 3,500, जीएसटी 630. तू पोटाला चिमटा काढून 5,000 भरलेस, तरी मुद्दल फिटलं 870 रुपये! शिवाय मागची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज. म्हणजे महिन्याचा किराणासुद्धा तू कर्जाने खातोयस.

बॅलन्स ट्रान्सफर, म्हणजे एका कार्डाची थकबाकी दुसऱ्या बँकेच्या कार्डावर हलवणं, त्यातल्या त्यात बरा, कारण काही महिने दर कमी असतो. पण रिकामं झालेलं जुनं कार्ड पुन्हा भरत गेलास, तर दोन कर्जं होतील.

त्यापेक्षा कंपनीच्या पगारदार पतसंस्थेत विचार, पर्सनल लोनची चौकशी कर. बँकेत सोनं तारण ठेवलं तरी व्याज कार्डाच्या निम्म्याहून कमी पडतं. त्या पैशातून सगळी कार्डं एकदम फेड, एकच ठेव, बाकीची लेखी अर्ज देऊन बंद कर. थकबाकी नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं, नाहीतर दिवसाला 500 रुपये तुला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

रविवारी सगळी स्टेटमेंट्स घेऊन घरी ये. बाबांना सांगायचा धीर होत नसेल तर मी बरोबर येतो.

तुझा,
काका