कटर नवा, तरी पायरी जुनीच

प्रश्न : छोट्या मिलिंग मशीनवर अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा सपाट करताना प्रत्येक कटच्या कडेला नखाला जाणवेल अशी पायरी राहते. कटर बदलूनही फरक पडला नाही. काय करावे?

उत्तर : दोष बहुधा हेडचा (मशीनच्या वरच्या भागाचा) आहे, त्यातला स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारा दांडा, टेबलाशी काटकोनात नसला, की अशी पायरी उमटते. वीजपुरवठा बंद करून स्पिंडलवर डायल इंडिकेटर (सूक्ष्म फरक काट्याने दाखवणारे मोजमाप-साधन) असा बसवा, की त्याचे टोक मध्यापासून सुमारे १०० मिलिमीटर अंतरावर टेबलाला टेकेल, आणि स्पिंडल हाताने अर्धा फिरवून डावीकडचे व उजवीकडचे वाचन ताडून पाहा. फरक ०.०२ मिलिमीटरच्या आत येईपर्यंत हेडचे बोल्ट सैल करून ते हलके ठोकून सरकवा. मात्र बोल्ट आवळताना ते हमखास हलते (यात तुमची चूक नसते), म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. व्हाइस (ठोकळा पकडणारा शिकंजा) त्यानंतरच लावा.