‘तटस्थ मतदान’ म्हणजे काय?

प्रश्न असा आला आहे: “हंगेरीवरच्या एका लेखात ‘युरोपीय संसदेत ४८ सदस्यांनी तटस्थ मतदान केले’ असे वाक्य वाचले. ‘तटस्थ मतदान’ हा प्रयोग बरोबर आहे का? त्याच लेखात ‘लोकशाहीची पीछेहाट’ असेही होते. तिथे ‘घसरण’ हवे होते का?”

पहिल्याचे उत्तर एका शब्दात: नाही. ‘तटस्थ मतदान’ म्हणजे ‘उपाशी जेवण’. जो तटस्थ राहिला त्याने मत दिलेले नाही आणि ज्याने मत दिले तो तटस्थ नाही. वर्तमानपत्रात, दूरचित्रवाणीवर, सहकारी संस्थांच्या इतिवृत्तांत हा प्रयोग इतक्या वेळा कानावर आणि डोळ्यांवर आदळतो की आता मी तो दिसला की पेन्सिलीने खोडतो, मग कागद कोणाचाही असो.

हा निव्वळ शुद्धाशुद्धाचा हट्ट आहे असे कोणाला वाटेल. तसे नाही. तुम्ही ज्या ठरावाबद्दल विचारता आहात, तो ठराव मंजूर झाला की नाही हेच मुळी या एका शब्दावर ठरायचे होते आणि त्यासाठी लक्झेंबर्गला, युरोपीय संघाच्या न्यायालयात, जवळजवळ तीन वर्षे खटला चालला.

१२ सप्टेंबर २०१८. स्ट्रासबर्गला युरोपीय संसद भरली होती. नेदरलँड्सच्या सदस्य युडिथ सार्जेन्टिनी यांनी हंगेरीच्या कारभारावरचा अहवाल मांडला होता. न्यायालयांचे स्वातंत्र्य, माध्यमे, विद्यापीठे, भ्रष्टाचार, रोमा लोकांना मिळणारी वागणूक, निर्वासित असे बारा विषय त्यात होते. युरोपीय संघाच्या करारातल्या सातव्या कलमाखाली, ‘या सदस्य देशात संघाची मूल्ये गंभीरपणे मोडली जाण्याचा स्पष्ट धोका आहे’ असे म्हणून मंत्र्यांच्या परिषदेला कारवाईची विनंती करायची, असा ठराव होता. संसदेने स्वतः होऊन हे कलम उगारल्याची ती पहिलीच वेळ. बाजूने ४४८, विरोधात १९७, तटस्थ ४८.

आता गणित करा. कराराची अट दुहेरी आहे: ‘दिलेल्या मतांच्या’ दोन तृतीयांश मते हवीत आणि शिवाय सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमतही हवे. सदस्य होते ७५१, म्हणजे ३७६ हवेत. ४४८ होते, ती अट सुटली. पण दोन तृतीयांश कशाचे? ते ४८ जण धरले तर बेरीज ६९३ होते आणि त्याचे दोन तृतीयांश ४६२. ठराव चौदा मतांनी पडतो. ते धरले नाहीत तर बेरीज ६४५, दोन तृतीयांश ४३०. ठराव अठरा मते राखून पास होतो.

‘तटस्थ मतदान केले’ असे लिहिणाऱ्याने नकळत हंगेरी सरकारचा युक्तिवाद मराठीत लिहिला आहे! बुडापेस्टचे म्हणणे नेमके हेच होते की ४८ जणांनीही मतदानात भाग घेतला, म्हणून ते मोजा. संसदेच्या नियमावलीत एरवी फक्त ‘होय’ आणि ‘नाही’ मोजतात हे खरे, पण करारात खास बहुमत सांगितले असेल तेव्हा तो नियम लागू होत नाही, असे त्यांचे बोट नियमावरच होते. ३ जून २०२१ ला न्यायालयाने ते फेटाळले. निकाल देताना न्यायाधीशांनी शब्दाच्या रोजच्या अर्थाकडे पाहिले, आणि म्हणून मला तो निकाल प्रिय आहे. मत देणे म्हणजे समोरच्या प्रस्तावावर होकाराची किंवा नकाराची भूमिका घेणे. तटस्थ राहणे म्हणजे भूमिका घ्यायला नकार देणे. म्हणून ते ‘दिलेले मत’ होत नाही. तटस्थांची गणना होणार नाही हे सदस्यांना आधी सांगितलेले होते, हेही न्यायालयाने लक्षात घेतले.

हे आपल्याला कोकण-गोव्यात कोणी समजावून सांगावे लागत नाही. देवाला विचारायला मूर्तीला पाकळ्या चिकटवून देवळात कौल लावतात तेव्हा उजवी पाकळी पडली तर एक अर्थ, डावी पडली तर दुसरा. पाकळी पडलीच नाही तर ‘देवाने तटस्थ कौल दिला’ असे कोणी म्हणत नाही. कौल झाला नाही म्हणतात आणि थांबतात. वृत्तपत्रांनी ‘मतदारांचा कौल’ हा शब्द तिथूनच उचलला, त्याची शिस्त मात्र देवळातच ठेवून आले.

आता शब्दाकडे वळतो, कारण खरी गंमत तिथे आहे. तट म्हणजे काठ आणि तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला, हे शाळेत शिकवतात, त्यात वेळ घालवत नाही. पण त्याच्या भावंडांकडे बघा. गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या नवव्या श्लोकात ‘उदासीन’ आणि ‘मध्यस्थ’ हे दोघे शेजारी-शेजारी येतात. उदासीन म्हणजे वर, बाजूला बसलेला: उत् आणि आसीन. मध्यस्थ म्हणजे दोघांच्या मधे उभा. शंकराचार्य भाष्यात फरक सांगतात की उदासीन कोणाचीच बाजू घेत नाही आणि मध्यस्थ दोन्ही भांडणाऱ्यांचे हित पाहतो. कौटिल्याच्या राजमंडलातही, म्हणजे शत्रू-मित्र राजांच्या वर्तुळात, उदासीन राजा वेगळा आहे, आणि तो दुबळा नाही, सगळ्यांत बलवान आहे. म्हणजे संस्कृताने भांडणापासून दूर असण्याच्या जागा ठरवून दिल्या: एक बसलेला, एक मधे, एक काठावर. बसलेल्याला उठावे लागते. काठावरचा उभाच आहे, पाणी त्याच्या पायाशी आहे, तो कधीही उडी टाकू शकतो. म्हणून सभागृहातल्या माणसाला ‘तटस्थ’ हाच शब्द शोभतो. त्याला उद्या पुन्हा मत द्यायचे आहे.

‘उदासीन’ वापरा असे सांगणारे एक कोशप्रेमी गृहस्थ मला दर वर्षी एक पत्र पाठवतात. त्यांना माझे उत्तर हेच आहे: मराठीत उदासीन माणूस आज खिन्न झाला आहे किंवा बेफिकीर झाला आहे. स्ट्रासबर्गच्या त्या ४८ जणांना काही वाटत नव्हते असे कोणी सिद्ध केले? त्यातल्या कित्येकांनी आपल्या पक्षगटाचा ओढा आणि अहवालातले पुरावे यांच्या कात्रीत ते बटण दाबले असेल. ‘अलिप्त’ सुचवणारेही आहेत. अलिप्त म्हणजे लेप न लागलेला, कमळाच्या पानासारखा. तो स्वभाव झाला, मतदानातली कृती नव्हे. आणि ‘अनुपस्थित’ तर सरळ चूक आहे, हिंदी बातम्यांवरून उचललेली. त्या दिवशी ७५१ पैकी ५८ जण मतमोजणीत कुठेच नव्हते. ते अनुपस्थित. तटस्थ हजर असतो, आपण मत देत नाही हे दाखवतो आणि त्याची नोंद होते. लोकसभेत त्यासाठी पिवळे बटण आहे.

आता माझा आवडता तर्क. मराठीत तट म्हणजे काठच नाही. किल्ल्याची भिंत म्हणजे तट, तिच्यावरून तटबंदी. गावात भांडण झाले की दोन तट पडतात. या अर्थाने ‘तटस्थ’ म्हणजे एका तटात उभा असलेला, म्हणजे पक्का पक्षपाती! शब्द आपल्या नेमक्या उलट अर्थाच्या उंबरठ्यावर उभा आहे आणि तरी मराठी माणूस कधी चुकत नाही. का? माझे म्हणणे असे की आपल्याकडे या शब्दाला ‘तटणे’ या क्रियापदाने धरून ठेवले आहे. चढावर बैल तटतो, म्हणजे पाय रोवून जागच्या जागी थांबतो. कीर्तनात बुवा म्हणतात, ‘ते रूप पाहून सभा तटस्थ झाली.’ तिथे नदी नाही, काठ नाही, निःपक्षपातीपणा तर नाहीच नाही. सभा तटली, खिळली, हलेना. संस्कृत जाणणारे म्हणतात की काठावरचा माणूस प्रवाह बघत राहतो म्हणून थक्क झालेला. मला ते ओढून आणलेले वाटते. बैलाचे तटणे ज्याने पाहिले आहे त्याला काठापर्यंत जावे लागत नाही.

यातून एक बारकावा हाती येतो, तो मात्र वादाचा नाही, कान देऊन ऐका आणि पटवून घ्या. ‘तटस्थ झाला’ म्हणजे थक्क झाला. ‘तटस्थ राहिला’ म्हणजे कोणाच्या बाजूने गेला नाही. क्रियापद बदलले की माणूस बदलतो. आणि ‘तटस्थ मतदान केले’ मध्ये दोन्हींपैकी एकही माणूस नाही.

हे लिहिता लिहिता हंगेरियन भाषेत डोकावलो आणि मीच तटस्थ झालो. त्यांच्या भाषेत मतदानात तटस्थ राहण्याला ‘तार्तोझ्कोदिक’ म्हणतात. ‘तार्त’ म्हणजे धरणे. स्वतःला आवरून धरणे, इंग्रजी ‘अॅब्स्टेन’च्या लॅटिन मुळाशीही असेच धरणे आहे. पण या हंगेरियन क्रियापदाचा दुसरा, रोजचा अर्थ आहे राहणे, मुक्काम करणे. परदेशी माणसाला तिथे राहायचा परवाना मिळतो त्याच्या नावातही हाच शब्द. म्हणजे ‘तो राहिला’ आणि ‘त्याने मत दिले नाही’ यांना एकच क्रियापद! आणि आमच्याकडे? तट-स्थ, राहणारा, आणि वर पुन्हा ‘राहिला’. हंगेरियनचे नाते फिनिशशी, संस्कृताशी तिचा रक्ताचा संबंध नाही. तरी दोन्हीकडे मत न देण्याचा विचार ‘आहे तिथे राहणे’ या चित्रावर येऊन टेकला. मला यापुढे त्या ४८ जणांची आठवण आली की हाच शब्द आठवेल. हंगेरीच्या संसदेची इमारत डॅन्यूबच्या अगदी काठावर आहे, ती तर अक्षरशः तटस्थ आहे.

आणखी एक जागा सोडवत नाही. वेदान्तात ‘तटस्थ लक्षण’ म्हणून एक संज्ञा आहे. वस्तूचा स्वभाव न सांगता तिच्याजवळच्या एखाद्या तात्पुरत्या खुणेने तिची ओळख पटवणे. देवदत्ताचे घर कोणते? ते बघ, ज्याच्यावर कावळा बसला आहे ते. कावळा म्हणजे घर नव्हे, पण घर सापडते. १५ सप्टेंबर २०२२ ला युरोपीय संसदेने हंगेरीवर दुसरा अहवाल ४३३ विरुद्ध १२३ मतांनी मंजूर केला. २८ तटस्थ राहिले. फ्रान्सच्या ग्वेन्दोलिन देल्बो-कोर्फिल्ड यांनी तो तयार केला होता. त्यात तिथली राजवट म्हणजे निवडणुका होणारी एकाधिकारशाही, असे शब्द आहेत. मराठी वृत्तपत्रांनी याचे काय काय करून ठेवले ते सांगत नाही. पण आपल्या शास्त्रकारांच्या भाषेत ते स्वच्छ सांगता येते: निवडणूक हे लोकशाहीचे तटस्थ लक्षण आहे, स्वरूपलक्षण, म्हणजे तिचा स्वभावच सांगणारी खूण, नव्हे. कावळा कौलावर अजून बसलेला आहे. संसदेचा अहवाल खाली उभे राहून, ते घर अजून देवदत्ताचेच आहे का, असे विचारतो. न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय एकदम सत्तरवरून बासष्टवर आणले गेले, मध्य युरोपीय विद्यापीठाला बुडापेस्ट सोडून व्हिएन्नाला जावे लागले, ही त्या घरातल्या खोल्यांची हकीकत आहे.

‘अशा दूरच्या गोष्टींवरून आम्हाला काय व्याकरण शिकवता’ असे म्हणणाऱ्यांसाठी जवळची गोष्ट सांगतो. आमच्या सोसायटीच्या सभेत उपविधी बदलायचा ठराव होता. उपस्थित राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश हवे होते. हात वर झाले: बाजूने १९, विरोधात ८, पाच जणांनी कोणत्याच वेळी हात उचलला नाही. सचिवांनी वहीत लिहिले, ‘एकूण मते ३२, पैकी तटस्थ मते ५’, आणि ठराव नामंजूर. मी उठून म्हटले, मते २७ पडली आहेत. सत्तावीसचे दोन तृतीयांश अठरा. ठराव पास आहे. अर्धा तास वाद झाला. पाचांपैकी एक काका शेवटी म्हणाले, “अहो, मी मत दिलंच नाही, तर माझं मत विरोधात कसं धरता?” त्यांनी लक्झेंबर्गचा निकाल वाचलेला नव्हता. वहीतला ‘मते’ हा शब्द खोडून ‘तटस्थ राहिलेले सदस्य ५’ असे लिहिले गेले तेव्हा आम्ही चहाला उठलो.

दुसरा प्रश्न राहिलाच. ‘पीछेहाट’ नको. पीछेहाट लढाईत होते, समोर शत्रू असतो आणि तो रेटतो. हंगेरीत कोणी बाहेरून रेटले नव्हते. २०१० पासून दोन तृतीयांश बहुमताच्या जोरावर सभागृहातच कायदे होत गेले. ‘घसरण’ त्यातल्या त्यात बरा, पण बाजारभावाची वाटते. मी ‘लोकशाहीची झीज’ म्हणतो. उंबरठा झिजतो तशी, रोजच्या वापराने, घरच्याच पायांनी.

म्हणून तुमच्या लेखातले वाक्य असे दुरुस्त करा: ‘ठरावाच्या बाजूने ४४८ आणि विरोधात १९७ मते पडली. ४८ सदस्य तटस्थ राहिले.’ आकडे तेच ठेवून दोन वाक्ये करायची, आणि ‘मते’ हा शब्द पहिल्या वाक्यातच संपवायचा.