मडगावच्या फ्लॅटमध्ये फिश टँकचं पाणी ३२ अंशांवर जातं. पंख्याच्या आवाजाशिवाय ते थंड कसं ठेवायचं?

तुमचा टँक दोन फुटी, म्हणजे पाणी साधारण ६० लिटर. त्यात निऑन टेट्रा आणि कॉरिडोरास हे छोटे मासे आहेत, टँक बेडरूममध्ये आहे. चार छोट्या पंख्यांची क्लिपवाली पट्टी लावल्यावर पाणी दोनेक अंशांनी उतरलं, पण रात्री झोप लागेना, म्हणून चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घ्यावा का असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: चिलर घेऊ नका, पंखा बदला. आणि पाणी २५ वर आणायचा हट्ट सोडा. एसी नसलेल्या खोलीत, आपल्या हवेत, पंख्याने ते होणारच नाही.

कारण असं. पंखा पाण्यावर थंड वारा सोडत नाही, तो बाष्पीभवन वाढवतो. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. दिवसाला एक लिटर उडालं तर टँकमधून सतत २८ वॅट उष्णता बाहेर काढल्यासारखं होतं. पण हवा आधीच ओलीकच्च असेल तर पाणी उडायलाच कमी वाव असतो. सोलापूरकडे माठातलं पाणी जेवढं गार होतं तेवढं गोव्यात होत नाही, त्याचं कारणही हेच. हवा ३२ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तेव्हा बाष्पीभवनाची तळरेषा, म्हणजे पंख्याने पाणी ज्याच्या खाली जाऊच शकत नाही ते तापमान, २७ अंशांच्या आसपास असते. पंपाची आणि दिव्याची उष्णता धरली तर पाणी प्रत्यक्षात २८.५ ते २९ वर थांबतं. एवढं लक्ष्य ठेवा. त्याखाली जाण्यासाठी आणखी पंखे लावले तर फक्त आवाज वाढेल.

म्हणून पंख्याच्या आधी टँकमध्ये उष्णता कुठून शिरते ते बघा. पाण्यात बुडालेला पॉवरहेड (छोटा पंप) जेवढी वीज खातो ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन पाण्यातच राहते. १५ वॅटचा पॉवरहेड असेल तर पंखा रोज अर्धा लिटर पाणी उडवून फक्त त्याचीच भरपाई करतो. दोन फुटी टँकला ४-५ वॅटचा फिल्टर पुरतो. झाकणात जुनी ट्यूब असेल तर तिचा चोक बाहेर काढा किंवा एलईडी लावा, आणि दिवा दुपारी न लावता संध्याकाळी पाच ते अकरा असा लावा. काचेचं झाकण काढून नायलॉनची मच्छरजाळी चौकटीवर ताणून बसवा. झाकण पूर्ण उघडं ठेवू नका, घाबरलेला टेट्रा सहज बाहेर उडी मारतो. टँक पश्चिमेच्या भिंतीला लागून असेल, किंवा फ्लॅट वरच्या मजल्यावर स्लॅबखाली असेल, तर तो आतल्या भिंतीकडे आणि बुटक्या स्टँडवर हलवा. ती भिंत आणि वरचं छत रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहतात.

आता पंखा. तुमच्या पट्टीतले पंखे छोटे आहेत, म्हणून पुरेसा वारा द्यायला त्यांना फार वेगाने फिरावं लागतं. आवाज तिथूनच येतो. पंख्याची गती निम्मी केली की वारा निम्मा होतो, आवाज मात्र सुमारे १५ डेसिबलने उतरतो. त्यामुळे कॉम्प्युटर कॅबिनेटचा १२० मिलिमीटरचा, १२ व्होल्टचा एकच पंखा घ्या. १२०० आरपीएमच्या आसपासचा, फ्लुइड बेअरिंगचा. साधा स्लीव्ह बेअरिंगचा स्वस्त असतो, पण समुद्राकडच्या दमट हवेत तो लवकर कुरकुरू लागतो.

त्याला पूर्ण १२ व्होल्ट देऊ नका. ३ ते १२ व्होल्ट निवडता येणारा १ अँपियरचा अडॅप्टर मिळतो, तो ७.५ वर ठेवा. पंखा फिरताना ठीक वाटतो, पण थांबलेल्या अवस्थेतून त्याला सुरुवातीला जास्त जोर लागतो. म्हणून चार-पाच वेळा बटण बंद-चालू करून तो दर वेळी स्वतःहून सुटतो का बघा. एकदाही अडला तर ९ वर न्या. अडॅप्टर स्वतःच गुणगुणत असेल तर तो जुन्या ट्रान्सफॉर्मरचा आहे, हलका एसएमपीएस प्रकारचा घ्या. छताच्या पंख्याचा रेग्युलेटर मात्र अडॅप्टरच्या आधी कधीच जोडू नका. वेग तर नीट कमी होत नाहीच, अडॅप्टर मात्र बिघडतो.

पंखा बसवणं हाच खरा कळीचा भाग आहे, आणि तिथेच बहुतेक जण चुकतात. पंखा स्क्रूने झाकणाला आवळला की त्याचा कंप झाकणात, तिथून काचेत आणि लाकडी स्टँडमध्ये उतरतो. मग स्टँडच घुमायला लागतो. पंखा चालू असताना झाकणावर, मग काचेच्या काठावर, मग स्टँडच्या दारावर तळहात दाबून बघा. जिथे दाबल्यावर आवाज बदलतो तिथून तो येतोय. उपाय स्वस्त आहे: सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा, पंख्याच्या चारही भोकांतून ओवा आणि पंखा अॅक्रिलिकच्या एल पट्टीला त्यांवर टांगा. प्लास्टिक प्लास्टिकला कुठेच टेकता कामा नये. पंखा टँकच्या एका टोकाला, पाण्यापासून ५ ते ८ सेंटिमीटरवर, ३०-४० अंशांच्या कोनात ठेवा, म्हणजे वारा पाण्यावरून सरकत दुसऱ्या टोकाने बाहेर पडेल. हवा आत फेकायची, बाहेर ओढायची नाही. ओढणाऱ्या पंख्यातून सगळी वाफ जाते आणि तो लवकर गंजतो. पात्यांच्या मागे जाळी अगदी चिकटून असेल तर शीळ घातल्यासारखा आवाज येतो, तिथे किमान दीड-दोन सेंटिमीटर जागा सोडा. वायर सॉकेटच्याही खालपर्यंत लोंबवून मग वर सॉकेटला न्या, म्हणजे थेंब सॉकेटमध्ये जाणार नाही.

अडॅप्टर एसटीसी-१००० सारख्या तापमान कंट्रोलरच्या कूलिंगच्या जोडणीवर लावा. त्याची वायरिंग उघडी असते, ती वायरमनकडून डब्यात बसवून घ्या. सेटिंग २८.५, फरक १ अंश. ०.५ ठेवलं तर रिले (आतला स्विच) जास्त वेळा टिकटिक करतो. सेन्सर निम्म्या खोलीवर, सक्शन कपने घट्ट लावा. रात्री एसी लावत असाल तर कंट्रोलर हवाच. एसी हवा कोरडी करतो, आणि २६ अंश, ५० टक्के आर्द्रतेत तोच पंखा पाणी पार २२-२३ पर्यंत खेचू शकतो. सकाळी पुन्हा ते वर चढतं. सतत २९ वर असलेले मासे एक वेळ तग धरतील, पण रोजच्या अशा चढउताराने अंगावर पांढरे ठिपके येण्याचा रोग होऊ शकतो.

पंखा लावल्यावर रोज साधारण लिटरभर पाणी भरावं लागेल. पातळी उतरली की हँग-ऑन (टँकच्या काठावर टांगलेल्या) फिल्टरची धार उंचावरून पडून खळखळ वाढते, आणि पुष्कळांना तो आवाज पंख्याचाच वाटतो. पाणी उडतं, क्षार मागे उरतात, म्हणून भर आरओच्या पाण्याची घाला आणि आठवड्याला २० टक्के पाणी नेहमीप्रमाणे बदला. नळाचं असेल तर क्लोरीन काढून. किनाऱ्याजवळच्या विहिरी मे महिन्यात खारट होऊ शकतात, ते पाणी आधी चाखून बघा. एसीच्या नळीतून गळणारं पाणी वापरू नका, ते तांब्याच्या कॉइलवरून येतं. आणि खिडकी थोडी उघडी ठेवा. बंद खोलीत हेच लिटरभर पाणी हवेत साठून राहतं, पंख्याचा परिणाम घटतो आणि कपाटामागे बुरशी धरते.

पाणी ३२ वर असताना माशांचा जीव मुख्यतः ऑक्सिजनसाठी कासावीस होतो. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ ला ७.३, आणि माशांची गरज मात्र उष्म्यात वाढलेली असते. फिल्टरचं तोंड असं वळवा की पृष्ठभाग सतत थरथरेल. एअर पंप लावलात तर तो पाण्याच्या पातळीपेक्षा उंच दोरीने टांगा, कशालाही टेकू देऊ नका. निम्मा घरघराट तिथेच जातो. खाणं निम्म्यावर आणा, कारण उष्ण पाण्यात अमोनियाचा विषारी भाग वाढतो.

फार तापलं, किंवा वीज गेली, तर अर्ध्या लिटरची गोठवलेली बाटली बाहेरून धुऊन, झाकण घट्ट लावून पाण्यात सोडा. ६० लिटरचं पाणी तेवढ्याने साधारण एक अंश उतरतं. दोन तासांत एकापेक्षा जास्त बाटल्या नकोत. वळवाच्या दिवसांत वीज वारंवार जात असेल तर राउटरचा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस हा पंखा तासन्‌तास चालवतो, कारण तो जेमतेम दोन वॅट खातो.

चिलरचं म्हणाल तर फ्रिजसारखा कॉम्प्रेसर, त्याचा पंखा आणि वर वेगळा पंप, असे तीन आवाज बेडरूममध्ये येतात आणि पाण्यातून काढलेली उष्णता त्याच खोलीत पडते. पेल्टियरचे (विजेने एका बाजूने गार होणाऱ्या चकतीचे) छोटे कूलर तर पाण्यातून काढतात त्याहून जास्त वीज खातात, आणि त्यांच्या हीटसिंकचा पंखा तुमच्या पट्टीइतकाच ओरडतो. समुद्री प्रवाळांचा टँक असेल तरच चिलर घ्या, आणि तो बाल्कनीत ठेवून इन्सुलेशन घातलेली नळी भिंतीतून आत आणा.

निऑनला २२ ते २६ मानवतं, त्यामुळे २९ वरही ते तुमच्याकडे फार वर्षं काढणार नाहीत. पुढच्या वेळी कार्डिनल टेट्रा आणि स्टर्बाय जातीचे कॉरिडोरास आणा, दोघांनाही निऑनपेक्षा जास्त उष्ण पाणी चालतं.