समोरून गेलं की मशीनगन झोपवते, मग जायचं कुठून?

प्रश्न: 'कंपनी ऑफ हीरोज' हा युद्धाचा व्हिडिओ गेम खेळतोय, पायदळाची तीन-तीन पथकं एकदम पाठवली तरी एमजी ४२ या जर्मन मशीनगनसमोर सगळे जमिनीला चिकटतात आणि तिथेच मरतात. बाजूने जायला गेलो तरी तेच. काय चुकतंय?

उत्तर: तिन्ही पथकं एकाच रस्त्याने जातायत, घोळ तिथेच आहे. त्या गनचा मारा ठरावीक कोनातच असतो, त्याच्या बाहेर ती आंधळीच, आणि तोंड फिरवायचं तर क्रूला (गन चालवणाऱ्यांना) गन पुन्हा लावावी लागते, त्यात जे सेकंद जातात ते तुमचे. एक पथक समोर भिंतीआड किंवा पोत्यांच्या मागे बसवा, त्याने नुसतं गनला गुंतवून ठेवायचं, पुढे सरकायचं नाही. दुसरं पथक लांबून, घरं-झुडपांच्या आडून न्या (कोन वाटतो त्यापेक्षा बराच रुंद असतो, म्हणून बहुतेक जण लवकर वळतात आणि सापडतात), आणि जवळ पोचलं की ग्रेनेड टाका. क्रू मेला तर गन तुम्हीच उचला, मजा येते!

गन घरात असेल तर मात्र हे विसरा, ती खिडकी बदलते.

लपूनछपून खेळायचं असेल तर स्नायपर घ्या, पण लपलेला असताना तो हळू चालतो, गोळी झाडली की दिसतो, आणि शत्रूची मोटरसायकल जवळ आली तर पकडलाच गेला समजा. पथक अडकलंच तर रिट्रीट (माघारीचं बटण) दाबायला लाजू नका, उठून पळतात बिचारे.